मागचा, हातातला, पुढचा

टेबल आणि भिंत यांच्या मधल्या बोळकांडीत बाई बुटक्या स्टुलावर अंग चोरून बसल्या होत्या. मांडीवर पांढरी पाटी, हातात मार्कर. टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपच्या पलीकडे इस्त्रीचा शर्ट घातलेला त्यांचा मुलगा, आणि त्याच्या पाठीमागे खोलीचं एकुलतं एक दार. बाईंनी पाटी लॅपटॉपच्या डोक्यावर धरायची आणि पोराने वाचायची. मुलाखत घेणाऱ्या साहेबांना वाटावं, वा, काय मुलगा आहे, डोळ्याला डोळा भिडवून बोलतो!

युक्ती पोराचीच. जन्मभर कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना असलं काही सुचलं नसतं. पण नोकरी गेल्यापासून जाईल त्या मुलाखतीत त्याची दातखीळ बसत होती. सकाळी "आई, एवढी एकच वेळ" म्हणताना त्याचा आवाज असा चिरकला, की त्यांना नाही म्हणवेना.

"लिंक्ड लिस्ट उलटी करून दाखवा," लॅपटॉपमधून साहेबांचा आवाज आला. "कुठल्याही भाषेत."

बाईंना हसूच आलं. हा तर त्यांचा हातखंडा. डब्यांची एक साखळी, प्रत्येक डब्याला फक्त आपल्या पुढच्याचा पत्ता ठाऊक. ती अशी फिरवायची, की प्रत्येकाने पुढच्याऐवजी मागच्याकडे बोट दाखवावं. नवशिके घाईघाईने बोट फिरवतात आणि पुढची सगळी साखळी हरवून बसतात. "आधी पुढच्याला धरून ठेवा रे, मग फिरवा!" हे सांगता सांगता बाईंचा घसा बसायचा.

मार्कर पाटीवर सरसर चालला. पोराने पोपटासारखं जसंच्या तसं, साहेबांनाही तिकडे दिसत होतं त्या पडद्यावर उतरवलं.

"चाललं की," साहेब म्हणाले. "अगदी बरोबर." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "ही नावं तुमची का हो? मागचा, हातातला, पुढचा?"

बाईंनी पाटी उलटी करून पाहिली. सगळं जग ज्या तिघांना प्रीव्ह, करंट आणि नेक्स्ट म्हणतं, त्यांना बाई वर्गात ही आपली नावं द्यायच्या. इंग्रजीला बिचकणाऱ्या पोरांना बरं पडायचं. आज चारचौघांसारखी नावं लिहायची असं त्या सकाळपासून घोकत होत्या. पण हाताची सवय मेली, ती कुणाचं ऐकते!

"हो, म्हणजे... माझीच," पोरगा म्हणाला.

"छान आहेत." साहेबांचा आवाज मऊ झाला होता. "आम्हाला एक बाई होत्या. त्या हीच नावं वापरायच्या. आम्ही मागून घार म्हणायचो त्यांना. वर्गात आल्या की सगळे ताठ उभे, आणि त्या 'बसा' म्हणेपर्यंत बसायची कुणाची टाप नव्हती. एकदा परीक्षेत मी शेजाऱ्याच्या पेपरात डोकावलो. त्यांनी माझा पेपर काढून घेतला. म्हटलं, मेलो, गेलं वर्ष. पण ओरडल्या नाहीत. दुसरा कोरा पेपर पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, 'कोरा दिलास तरी चालेल, पण तुझा दे.'"

बाईंना हा मुलगा काही केल्या आठवेना. किती जणांचे पेपर काढून घेतले होते, किती जणांना हे वाक्य ऐकवलं होतं, एकेकाला कुठे लक्षात ठेवायचं! ऐकवताना किती ताठ मानेने ऐकवलं होतं, ते मात्र लख्ख आठवलं. त्यांचे कान तापले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे मी पुसून टाकतो," साहेब म्हणाले. "तुम्ही पुन्हा पहिल्यापासून लिहा. हवी ती नावं द्या. मला घाई नाही."

पोराने लॅपटॉपच्या वरून आईकडे पाहिलं आणि नुसते ओठ हलवले. लिही ना.

बाईंनी पाटी तळहाताने पुसली. मार्करला टोपण लावलं. इथल्या इथे नाहीसं होता आलं असतं तर त्या आनंदाने झाल्या असत्या. पण दार होतं तिकडे, पोराच्या पाठीमागे, थेट कॅमेऱ्यासमोर. बसून राहावं, तर हा पाटीकडे आशेने बघत राहणार. आणि लपून तरी काय उपयोग? एवढं बोलून दाखवणारा साहेब काय दूधखुळा होता?

गुडघ्यांवर हात रोवून त्या उठल्या.

"आई!" पोराचा चेहरा पांढराफटक पडला.

टेबलाला वळसा घालून त्या त्याच्या मागे आल्या. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "येईल तेवढं लिही," त्या म्हणाल्या. "पण तुझं लिही." मोठ्यानेच म्हणाल्या. झाकायचं आता राहिलं तरी काय होतं?

खाली मान घालून त्या दारापर्यंत गेल्या. कडीला हात लावला. मग राहवेना. निदान कोण होता तो, चेहरा तरी बघावा, म्हणून त्या वळल्या.

पडद्यावर चेहरा नव्हताच. शर्टाची बटणं तेवढी दिसत होती. साहेब खुर्ची मागे सारून ताठ उभे होते.

बाईंनी तोंड उघडलं. 'बसा' एवढंच तर म्हणायचं होतं. पण ते त्यांच्या तोंडून निघेना.