राक्षसाची चेन

राक्षस वळला आणि त्याच्या पाठीवरची चेन पडद्यावर लखलखली. मानेपासून कमरेपर्यंत, चांगली पंधरा फूट.

मास्तर खुर्चीत खाली सरकले.

"अहो," बायको कुजबुजली, "ही आपल्याच दुकानातली ना?"

"गप्प बस."

मास्तर सिनेमासाठी राक्षस शिवत. बावीस वर्षांत अकरा पिशाच्चं, सहा नरलांडगे आणि एक जळू, जिच्यात दोन नट मावायचे. या सिनेमात मात्र सगळी करामत कॉम्प्युटरची होती. उडता किल्ला, हजारो वटवाघळं, नायिकेच्या हातांतल्या पेटत्या तलवारी. मास्तरांच्या वाट्याला शेवटचा एकच प्रसंग आला. त्यातही शूटिंगपर्यंत राक्षसाचं काम करणारा नट अंगाने सुटला आणि चेन झाकणारी पट्टी पुरेना. "राहू द्या, आम्ही पुसून टाकू," कॉम्प्युटरवाली मुलगी म्हणाली. दिग्दर्शकाने बजावलं, "मास्तर, तुमची शिलाई पडद्यावर दिसली, तर ती शेवटची."

दिसली.

पुढच्या रांगेतून कोणीतरी बोट दाखवलं. मग एक शिटी. मग सगळीकडे खसखस पिकली. राक्षसाने नायिकेचा गळा धरला, तसं मागून कोणीतरी कळवळून ओरडलं, "ताई, चेन ओढ, चेन!" सगळं थिएटर उभं राहिलं. मास्तर बाजूच्या दाराने बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी राक्षसांची मापं माळ्यावर टाकली आणि शाळेचे गणवेश शिवायला घेतले. गणवेशात कोणी कोणाचा गळा धरत नाही. मास्तरांना दुपारी झोप यायला लागली.

आठवड्याभरात कॉम्प्युटरवाल्या मुलीने चेन पुसली आणि सुधारलेली प्रत थिएटरात लागली. शेवटच्या प्रसंगाला लोक ओरडायच्या तयारीने पुढे सरसावून बसले. राक्षस वळला. पाठ गुळगुळीत.

"चेन कुठंय?" एक आवाज आला. मग दोनशे. मॅनेजर केबिनला आतून कडी लावून बसला. संध्याकाळच्या खेळाला जुनी प्रत परत आली. पहिला आवाज कोणाचा, हे मास्तरांनी बायकोला कधी विचारलं नाही. तिचा घसा मात्र दोन दिवस बसला होता.

चार महिन्यांनी ती मुलगी लॅपटॉप घेऊन दुकानात आली. मास्तरांनी कात्री खाली ठेवली नाही.

"दुसरा भाग करतोय," ती म्हणाली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

राक्षसाला आता तीन डोकी होती. खवला न् खवला वेगळा, नाकपुड्या ओल्या, डोळ्यांत शिरा. मास्तरांनी चष्मा लावून खोट शोधली. सापडली नाही.

"छान आहे. यात शिवायचं काही नाही," ते म्हणाले.

मुलीने राक्षसाला पाठमोरं केलं. मानेपासून कमरेपर्यंत चेन होती.

"बाकी सगळं जमलं, मास्तर," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "फक्त चेन नकली वाटते."