रंगाचा चौथा हात

दलदलीतून उपसलेल्या त्या जुन्या लढाऊ विमानाच्या, वैमानिकाच्या जागेवरच्या काचेच्या झाकणाच्या चौकटीवर, आतल्या कडीपाशी, नखांचे ओरखडे होते. मूळ खूण पुसायची नाही, हा कारागिरांचा दंडक. तरी विमान पूर्ववत करणाऱ्या ऑल्विनने ते घासून काढले आणि वर हिरवा रंग दिला.

वैमानिकाच्या म्हाताऱ्या मुलीने फोनवर विचारलं होतं, "बाबांना काही कळलंसुद्धा नसेल ना?"

"छे हो बाई, क्षणात आटोपलं."

रंग वाळला की ओरखडे पुन्हा उमटत. आज सकाळी त्याने चौथा हात दिला.

दुपारी बाई आल्या. "मला एकदा त्यांच्या जागेवर बसू दे रे."

नव्या चामड्याच्या आसनावर त्यांना बसवून त्याने झाकण ओढलं.

आतून खरखर ऐकू आली. काचेतून बाईंचे दोन्ही हात मांडीवर दिसत होते. त्या कडीकडे बघत होत्या. मग त्यांनी ऑल्विनकडे पाहिलं.