बोटीवरचा पाळणा

अटलांटिक महासागरावर वारा पडला आणि उमरठच्या राममंदिरात अनुपमाच्या चिपळ्या थांबल्या.

"शिडं लोंबली," ती म्हणाली. "चहूकडे पाणी, आणि जहाज काही जागचं हलेना. आत कोण? तर मॉर्मन पंथाची चारशे माणसं. येशूला भजणारी. कोणी इंग्लंडचं, कोणी डेन्मार्कचं. आपल्या पंथाचं नवं गाव अमेरिकेत वसतंय म्हणून घरंदारं विकून निघालेली. सकाळ-संध्याकाळ वर जमायची आणि गायची. अगदी आपल्यासारखी. फक्त टाळ नव्हते."

रामनवमी उद्या होती. हे अष्टमीचं कीर्तन, दुपारी चारचं. पोलादपूरच्या शाळेतल्या या बाई रामापुढे ख्रिस्ती लोकांचं आख्यान लावणार हे कळल्यावर देवळाच्या पंचांपैकी रावजींनी सकाळी भुवया चढवल्या होत्या. "राम तरी घर सोडूनच निघाला ना, काका?" एवढंच अनुपमा म्हणाली होती. आता रावजी पहिल्या रांगेत मांडी घालून वाऱ्याची वाट बघत होते.

जानकीबाई मात्र बायकांच्या रांगेत खांबाला टेकून बसल्या होत्या. शेजारी उद्याचा पाळणा सजून टांगलेला, त्याची दोरी त्यांच्या हाताशी. चाळीस वर्षं रामाचा पाळणा त्याच म्हणत. त्याच रांगेत, चार हात अंतर राखून, त्यांची सून शर्मिला बसली होती. सातवा महिना. नवरा राहुल दिवाळी करून आयर्लंडला गेला, तिथल्या औषधाच्या कारखान्यात. शर्मिलाचं तिकीट सोमवारचं होतं. आठवा लागला की विमानवाले घेत नाहीत. आणि आईनं हो म्हटल्याशिवाय निघायचं नाही, असं राहुलनंच फोनवर बजावलं होतं. आई हो म्हणत नव्हती. "परक्या मुलखात पोर व्हायचं नाय," जानकीबाई एकदाच म्हणाल्या होत्या. "आपलं मानूस तिथं हाय कोन?" त्याला नऊ दिवस झाले. नऊ दिवस त्या सुनेशी बोलल्या नव्हत्या.

"आणि तशा त्या गपगार समुद्रात," अनुपमानं आवाज खाली आणला, "मार्था नावाच्या बाईला कळा सुरू झाल्या."

बायकांची अख्खी रांग पुढे सरकली.

"डॉक्टर नाही. सुईण नाही. चारशे माणसं गुडघ्यांवर बसली. शिडाकडे आता कोणाचं लक्ष नाही. सगळ्यांचे कान खालच्या खोलीकडे. एक तास गेला. दोन गेले. आणि बाळ जन्मलं!"

पेटीवाल्या सुहासनं सवयीनं वरचा सूर धरला. तेवढं पुरलं. या देवळात 'बाळ जन्मलं' म्हटल्यावर काय करायचं, हे लहानथोरांच्या अंगातच मुरलेलं. उद्यासाठी परड्यांत भरून ठेवलेल्या फुलांवर पन्नास हात पडले. झेंडू, शेवंती, तगर, सगळं हवेत. कोणी घंटा बडवू लागलं. रावजी उठून उभे राहिले आणि त्यांनी टोपीभर पाकळ्या थेट तबलजीवर उधळल्या. देवळाचा गुरव गणू गाभाऱ्यातून धावत आला.

"अगो बायांनो, उद्या! राम उद्या हाय!"

कोणीतरी त्याच्याच डब्यातला सुंठवडा त्याच्या तोंडात कोंबला. गणूचा आवाज बंद झाला.

"पोरगा का पोरगी?" मागून रंगूबाईंनी हाळी दिली.

"मुलगी!" अनुपमालाही आता हसू आवरेना. "आणि जहाजाचंच नाव ठेवलं तिला!"

"आता गो बाय! मी आंबेनळी घाटात गाडीत झाले, मंग माझं नाव काय एष्टीबाई ठेवायचं व्हतं?"

देऊळ हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. तबलजीच्या कानात झेंडू, पेटीच्या पट्ट्यांवर झेंडू. सुहास फुलं बाजूला सारत तसाच वाजवत होता, कारण पाळणा सुरू झाला होता. तो जानकीबाईंनी सुरू केला होता. डोळे मिटून, दोरी ओढत, चाळीस वर्षांच्या सवयीनं.

तिसऱ्या कडव्याला त्यांचे डोळे उघडले. आपण कोणाला जोजवतोय ते ध्यानात आलं. दोरी हातातच राहिली.

"बाई," त्या अनुपमाला म्हणाल्या, "त्या बोटीवर पाळना कोनी म्हटला?"

गलका हळूहळू बसला. अनुपमाच्या टिपणवहीत पाळणाच नव्हता. पण तिला समोर दोरी धरून बसलेली बाई दिसत होती, आणि चार हातांवर केसांत पाकळ्या अडकलेली तिची सून. कीर्तनकाराला वहीत कमी आणि समोर जास्त बघावं लागतं.

"सासूनं," ती म्हणाली. "मार्थाच्या सासूनं."

"सासू व्हती बोटीवर?"

"होती तर. सत्तरीची. गुडघे गेलेली."

जानकीबाईंनी दोरी सोडली. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्या सुनेकडे वळल्या. त्यांची हनुवटी थरथरत होती. रागानं की हसू दाबल्यानं, शर्मिलाला कळेना.

"बग," त्या म्हणाल्या. "त्या सासूला घरच्यांनी इचारलं, येतेस काय म्हनून. मला कोनी इचारलं?"