टेपातली बाई

चंद्रकलाने बटण दाबलं आणि टेपातून पुन्हा तीच बाई बोलायला लागली.

आवाज पातळ, नाकातला. बोलण्यात लाडीगोडी, मध्येच हसणं, मागे भाकरी थापल्याचा आवाज. म्हणजे सतीश गुरुजींची मजल या बयेच्या चुलीपर्यंत गेली होती! मोरीत अंघोळ करणाऱ्या नवऱ्याचं पाणी ओतायचं थांबलं तशी तिने घाईने टेप बंद केला.

सतीश खर्डीजवळच्या एका वाडीत पहिलीला शिकवायचा. पुस्तकातली भाषा ऐकली की पोरं तोंडच उघडत नाहीत, ही त्याची कायमची तक्रार. श्रावणापासून तो शाळेचा टेप रोज शहापूरला घरी आणू लागला. वर्गासाठी काहीतरी करतोय, एवढंच म्हणाला. पावसाळी हवेने बिघडू नये म्हणून टेप चुलीमागच्या फळीवर ठेवायचा. रविवारी पडवीत बसून एकटाच ऐकायचा, पुन्हा पुन्हा मागे घ्यायचा, गालात हसायचा. चंद्रकला आली की खटकन बंद.

तिच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

लग्न झालं तेव्हा याच माणसाने तिला चार लोकांत अडवलं होतं. ‘नाय’ नव्हे, ‘नाही’ म्हण. तेव्हापासून ती त्याच्यापुढे मोजकंच बोलायची. भरभरून बोलायची ती एकट्या लेकीशी, मेघाशी. आणि ही टेपातली बया वाक्यागणिक ‘नाय गो, नाय गो’ करत होती, आणि याला ते गोड लागत होतं. हे तिला फार लागलं.

त्याहून वाईट म्हणजे बाई सांगत होती ती गोष्ट. सासुरवाडीला निघालेल्या खेकड्याची. ती तिच्या आईची गोष्ट, माहेरची, वैशाखऱ्याच्या घरातली. चंद्रकला ती मेघाला सांगायची. तिच्याशिवाय जगात एकाच माणसाला ती येत होती. धाकट्या बहिणीला, रविनाला.

नवरा गेल्यावर रविना सासरच्या वाडीतच राहिली होती आणि सतीशच्याच शाळेत खिचडी शिजवत होती. ते काम त्यानेच लावून दिलं होतं. आवाज कुठेतरी घरचाच वाटतोय, हे चंद्रकलाला पहिल्यांदा ऐकतानाच जाणवलं होतं. आता सगळा उलगडा झाला.

सतीश चहाला बसला तेव्हा तिने विचारलंच, टेपात कोण बोलतंय म्हणून. त्याने कप खाली ठेवला.

“तू ऐकलंस? ओळखलास आवाज?” त्याने हळूच विचारलं.

“वळखला.”

“मग रागावू नकोस. मी आधी सांगायला हवं होतं,” असं म्हणून तो टेप उचलून एसटी पकडायला पळाला.

रागावू नकोस म्हणे. चंद्रकलाने चहाची भांडी तशीच टाकली. मग मेघाला शेजारी ठेवलं आणि मागची गाडी धरली. रविनाच्या तोंडावर विचारायचं, आणि खरं निघालं तर लेकीला घेऊन कायमचं वैशाखऱ्याला जायचं, एवढं तिने ठरवून टाकलं होतं.

शाळेमागे रविना पातेल्यात डाव फिरवत होती. बहिणीला बघून ती आधी दचकली, मग चक्क हसली.

“गुरुजींनी सांगितलं वाटतं तुला?”

म्हणजे दोघांचं संगनमतच होतं. चंद्रकला तशीच वर्गाच्या दाराशी गेली.

आत पोरं टेपाभोवती कोंडाळं करून बसली होती. खेकडा नदीवर पोचला होता, आणि एरवी तोंड न उघडणारी पोरं त्या बाईच्या बरोबरीने मोठमोठ्याने गोष्ट सांगत होती. सतीशचं दाराकडे लक्ष गेलं आणि त्याचा हात आपसूक बटणावर पडला.

“बंद कशाला केलंत?” चंद्रकला म्हणाली. एवढा संसार झाला, पण त्याच्यापुढे तिचा आवाज कधी एवढा चढला नव्हता. “लावा ना. कोन बया हाय ती, पोरांना पन कळू दे. माज्यासमोर बोलाया लाजते काय?”

पुढे बसलेली जनी डोळे मोठे करून तिच्याकडे बघत राहिली. मग तिने टेपाकडे बघितलं, मग पुन्हा तिच्याकडे.

“गुरुजी,” जनी म्हणाली, “टेपातली बाय भायेर आली.”