टिंबाएवढा भाऊ

टिंब नव्हतं.

अवंतिकानं लॅपटॉपवरचा नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला. दक्षिण इटलीच्या डोंगरातलं ते गाव पडदाभर पसरलं. सगळं गाव निळं. लाल कुठेच नाही. तिनं सरकारी संकेतस्थळावरून मतांचे आकडे पुन्हा उतरवून घेतले, पुन्हा भरले. लाल पक्षापुढे शून्यच.

"गेला असेल गं तिकडचा म्हातारा," कोमल म्हणाली. ती नागपूरची. कॅनडातल्या केंब्रिजमधल्या या बेसमेंटमध्ये दोघी भाड्यानं राहायच्या.

"हळू बोल. वर ऐकू जातं."

वर घरमालक डोनाटो कॉफी करत होते. ऐंशी ओलांडलेले, एकटे. अवंतिका त्यांना नोन्नो म्हणायची, म्हणजे त्यांच्या भाषेत आजोबा. कॉलेजात ती नकाशे करायला शिकत होती. इटलीतलं कुठलं गाव कुणाला मतं देतं, हा तिचा प्रोजेक्ट नोन्नोंमुळेच सुरू झाला.

डोनाटो थोरले, त्यांचा भाऊ पिएत्रो धाकटा. तरुणपणी दोघे लाल पक्षावरून भांडले. डोनाटो त्या पक्षाचे, धाकटा आणि सगळं गाव विरुद्ध. "तुझा पक्ष असेल त्या घरात मी जेवणार नाही," असं पिएत्रो म्हणाला आणि थोरल्यानं कॅनडाची बोट गाठली. त्यानंतर ना फोन, ना निरोप. पण पुढच्याच निवडणुकीत गावात त्या पक्षाला एक मत पडलं. फक्त एक. त्यापुढच्या निवडणुकीतही. पक्षाचं नाव बदललं, चिन्ह बदललं, ते मत हललं नाही. डोनाटोंचं स्वतःचं मत कॅनडातून पोस्टानं जायचं आणि परदेशातल्या मतांमध्ये मोजलं जायचं, गावात नाही. म्हणजे ते मत पिएत्रोचंच, असा त्यांचा हिशेब.

"तो मला हाक मारतो," ते म्हणायचे.

"मग तुम्ही ओ द्या ना, नोन्नो."

"धाकटा आहे तो. तोंडानं मारू दे हाक."

मागच्या निवडणुकीचा नकाशा दाखवताना अवंतिका नकळत गुणगुणत होती. त्यांनी विचारलं, हे काय? आई दळताना म्हणायची, ती सांगू लागली.

समिंद्राच्या पल्याड, भाऊ माझा गं राहतो
येणाऱ्या वाऱ्याला, माझं कुशल पुसतो

अर्थ ऐकून नोन्नोंनी ती ओळ पुन्हा म्हणायला लावली. मग म्हणाले, "तुमच्याकडेही असतात का असे भाऊ?"

आता त्याच माणसाला शून्य कसं दाखवायचं?

अवंतिकानं कर्सर गावावर नेला आणि एक लाल टिंब ठेवून दिलं.

"हे काय करून राहिली तू?" कोमल उठून बसली. "फेक डेटा?"

"प्रोजेक्टमध्ये नाही टाकणार. फक्त त्यांच्यासाठी."

"अन् त्यांना कळलं म्हणजे?"

"कसं कळेल? ते कुणाला विचारतच नाहीत."

ती लॅपटॉप वर घेऊन गेली तेव्हा डोनाटोंनी चष्मा लावला. बोट टिंबावर टेकवलं आणि तिथंच ठेवलं, लहान मुलाच्या गालावर ठेवावं तसं.

"आहे," ते म्हणाले. "मत द्यायची शाळा चढावर आहे, बाळ. या वयात तो तेवढं चढून गेला. माझ्यासाठी." ते टिंबाकडे वाकले. "किती वेळा बोलावशील रे वेड्या."

कॉफी तशीच निवली.

"मी जातो," ते एकदम म्हणाले. "तिकीट काढून दे मला."

अवंतिकानं लॅपटॉप मिटला. "नोन्नो, आधी गावात फोन तरी करू या ना."

"फोनवर काय बोलणार? हॅलो? दारात जाऊन उभा राहतो. मग बघू या कसा जेवत नाही ते."

आठवडाभर ते लग्नघरातल्यासारखे वावरले. सूट ड्रायक्लीन करून आणला. पिएत्रोसाठी लोकरीची टोपी घेतली, मेपल सिरपच्या बाटल्या घेतल्या. रोज सकाळी अवंतिका खरं सांगायचं ठरवून वर जायची आणि त्यांना आरशासमोर भांग पाडताना बघून परत खाली यायची.

कोमलच्या गाडीतून दोघींनी त्यांना टोरांटोच्या विमानतळावर सोडलं. आत शिरण्यापूर्वी अवंतिकानं त्यांचा हात धरला. "नोन्नो, तिकडं... तिकडं काहीही असलं तरी..."

"काय असणार? म्हातारा झाला असेल, एवढंच." ते हसले. "मी काय तरुण आहे?"

काचेचं दार सरकलं. पाठमोरा सूट गर्दीत मिसळला.

परतीच्या हायवेवर तिला रडू आवरेना. "मी त्यांना थडग्यावर पाठवलं गं."

"जाऊ दे," कोमल समोर बघत म्हणाली. "इथं बसून टिंब पाहण्यापेक्षा तिथं दोन फुलं वाहतील. अन् तू काय वाईट मनानं केलं का?"

घरासमोर गाडी थांबली तेव्हा वितळत्या बर्फाचं पाणी पागोळ्यांतून ठिबकत होतं. पायरीवर एक म्हातारा बसला होता. शेजारी दोरीनं बांधलेली जुनी बॅग, हातात पत्ता लिहिलेला, कचेरीच्या शिक्क्याचा कागद.

"खोली बघायला आला की काय?" कोमल पुटपुटली. "या वयात?"

त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला, गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला. डोनाटोंसारख्याच दाट भुवया, तसंच बाकदार नाक. अवंतिकाच्या हातातून किल्ल्या खाली पडल्या. म्हातारा ओळखीचं हसला. विमानात बसून पाठ केल्यासारखं त्याचं इंग्रजी तुटक तुटक येत होतं.

"डोनाटोला बाहेर बोलव, पोरी," तो म्हणाला. "म्हणावं, पिएत्रो गावातलं घर विकून आलाय. त्या घाईत या वेळी मत द्यायलासुद्धा गेला नाही."