जहाज परत येतं

“तिन्ही भागांत एक गोष्ट सारखी आहे,” ती म्हणाली. “शेवटी कुणीतरी मागे राहतं, आणि जहाज त्याला घ्यायला परत येतं.”

टेबलापलीकडचे तिघे एकमेकांकडे बघू लागले.

तोवर मुलाखत झकास चालली होती. एका जपानी व्हिडिओ गेमच्या मालिकेचे पहिले तीन भाग आजवर त्या देशाबाहेर पडलेच नव्हते. कंपनीला ते आपल्या भाषेत आणायचे होते आणि त्यासाठी संवादलेखक हवा होता. सहा वर्षं साबणाच्या आणि गाद्यांच्या जाहिराती लिहून तिचा जीव विटला होता. त्यात ही नोकरी! लहानपणी तिच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं, हे तीन भाग तेवढे होते. ही जागा आपल्याचसाठी रिकामी झाली आहे, असं ती आठवडाभर धरून चालली होती.

“कुठल्या भागात परत येतं?” चष्मेवाल्या बाईंनी विचारलं. तिघांत जपानी त्यांनाच येत होतं.

“तिन्ही भागांत. पहिल्यात लोहार बेटावर राहतो, कारण राक्षसाचं दार आतूनच बंद करावं लागतं. जहाज निघतं. अर्ध्या वाटेत कप्तान म्हणतो, ‘अरे, आपला लोहार कुठाय?’ आणि जहाज वळवतो. दुसऱ्यात आंधळी राजकन्या राहते. तिसऱ्यात तर तो खादाड चोर.”

बाईंनी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. तेच बेट होतं, तेच जहाज. जपानी अक्षरं सरकत होती आणि खाली बाईंनी केलेलं कच्चं भाषांतर होतं. ‘मला विसरा,’ लोहार म्हणत होता. ‘मागे वळून बघू नका.’ जहाज लहान होत गेलं, दिसेनासं झालं. मग गेम बनवणाऱ्यांची नावं आली.

“कुणीच परत येत नाही,” बाई म्हणाल्या. “एकाही भागात नाही. मागे राहिला तो राहिला, बाकीच्यांनी पुढे जायला शिकायचं. अख्ख्या मालिकेचं सूत्र तेच आहे. तुम्ही हे खरंच खेळला आहात ना?”

खेळली होती. म्हणजे दादा खेळायचा आणि तिला वाचून दाखवायचा. आईवडील गेल्यावर दोघं काकांच्या घरातल्या मागच्या खोलीत राहत होते. ती सहा वर्षांची, दादा एकोणीसचा. तो विजेच्या वस्तू दुरुस्त करणाऱ्या दुकानात कामाला होता. तिथे दुरुस्तीला टाकलेलं, जपानहून आणलेलं गेमचं यंत्र मालक न्यायलाच आला नाही, तेव्हा ते या तीन भागांसकट घरी आलं. दादा लोहाराला घोगरा आवाज द्यायचा, राजकन्येला नाकातला आणि चोराला थेट काकांचा. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला जपानी कुठून येणार, हा साधा प्रश्न तिला आज पडला, तिसाव्या वर्षी, तीन परक्या माणसांसमोर. पण जे तोंडपाठ आहे ते पुन्हा तपासून कोण बघतं?

“कळवतो,” ते म्हणाले. कळवणार नाहीत हे तिघांच्याही चेहऱ्यावर दिसत होतं.

ती तडक दादाच्या दुकानात गेली. तो वॉशिंग मशीन आडवं पाडून त्याचा पट्टा बसवत होता.

“नोकरी गेली,” ती म्हणाली. “मिळायच्या आधीच.”

“का गं?”

“जहाज परत येत नाही म्हणून!” तिचा आवाज चढला. “तुला एक अक्षर येत नव्हतं, दादा. आणि मी तिथे छातीठोकपणे सांगत बसले. तीन-तीन भाग थापा मारल्यास?”

दादा हसला नाही. एरवी पकडला गेला की तो आधी हसायचा.

“दुसऱ्या-तिसऱ्यात मारल्या,” तो म्हणाला. “पहिल्यात नाही.”

“पहिल्यातही लोहार मागेच राहिला की रे.”

“ते मला तेव्हाच समजलं होतं. त्याला भाषा कशाला लागते? जहाज गेलं, लोहार राहिला. तू विचारलंस, ‘दादा, याला घ्यायला कोण येणार?’”

तिचा राग उतरू लागला. वाटेत तिने याचाच विचार केला होता. “आणि तू म्हणालास, येतात परत. मी रोज दाराकडे बघत बसायचे, आई येईल म्हणून. मला बरं वाटावं म्हणून बोललास. चिडले तरी तेवढं कळतं मला.”

“नाही गं.” दादाने फडक्याला हात पुसले, मग पुसलेलेच पुन्हा पुसले. “मला मालवाहू जहाजावर नोकरी लागली होती. पाच वर्षांचा करार. तू काकांकडे राहणार होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं, आणि तुला कसं सांगावं ते सुचत नव्हतं, म्हणून तो गेम लावून बसलो होतो. तू विचारलंस आणि माझ्या तोंडून निघून गेलं, येतात म्हणून.”

ती मशीनशेजारच्या स्टुलावर टेकली.

“तू टाळ्या पिटत अंगणात खेळायला पळालीस,” दादा म्हणाला, “आणि मी भरलेली बॅग रिकामी केली.”