डावा खिसा

“बाबा, तुमच्या डाव्या खिशात एवढं काय कोंबलेलं असतं हो?”

पैजच लागली होती. नाटकाच्या झग्यांची मापं द्यायला आलेल्या मैत्रिणी दुकानाच्या पायरीवर एकमेकींना कोपरं मारत होत्या. शिंप्याच्या लेकीला उत्तर ठाऊक होतं. बाबा नेहमीसारखे ‘जादूचा ससा!’ म्हणून उडवून लावतील आणि आपण सुटू, असा तिचा अंदाज.

बाबांनी कात्री खाली ठेवली. लेकीकडे एकदा पाहिलं. मग खिशातला एकेक जिन्नस टेबलावर काढला. खडू, टेप, दोन रुमाल, चिंध्यांची घट्ट घडी. शर्टाची डावी बाजू एकदम खाली बसली.

“याच्या मागे काही नाही,” ते म्हणाले. “स्तनाचा कॅन्सर झाला होता मला. ऑपरेशन झालं. आता ठणठणीत आहे.”

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं लेकीला झालं.

मैत्रिणींतल्या सगळ्यात उंच लंबूला मात्र राहवेना. “पण काका, तो तर बायकांना होतो ना?”

“मीही हेच म्हणत बसलो, लंबूताई! गाठ हाताला लागतेय आणि मी आपला, पुरुषाला कसला होतोय! शेवटी हिच्या आईनं दंडाला धरून दवाखान्यात नेलं.”

“आणि तिथे काय?” काजं करणारी आई मान वर न करता म्हणाली. “नर्स दर वेळी मलाच आत बोलवायची. हे बाकावर माझी पर्स सांभाळत!”

लंबू फिसकन हसली. मग सगळ्याच. मग बाबाही, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“चला काका, आधी माझं माप,” म्हणत लंबू हात पसरून उभी राहिली.

मैत्रिणी गेल्या. बाबांचा हात सवयीनं चिंध्यांच्या घडीकडे गेला. त्याआधीच लेकीनं ती उचलली आणि कातरणीच्या टोपलीत भिरकावली.

“आई, बाबा, ऐका. मी ठरवलंय. सुट्टी लागली की मी मशीनवर बसणार. पहिला शर्ट बाबांचा.”

“तू?” आई म्हणाली. “सरळ शिलाई मारता येत नाही अजून. खिसा कसा लावशील गं?”

“लावायचाच नाहीये.”